मस्टर आणि माणूस

वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी आम्हांला शिकवले जाते की उद्योगाला चार गोष्टी लागतात : पैसा, माल, यंत्रे आणि माणसे. इंग्रजीत या चारही शब्दांची सुरुवात एकाच अक्षराने होते, त्यामुळे परीक्षेत त्या लक्षात ठेवायला सोप्या जातात. पण या सोपेपणात एक धोका आहे. चारही गोष्टी एका ओळीत बसवल्या की त्या एकाच जातीच्या आहेत असे वाटू लागते. पैशाची खतावणी लिहिता येते, मालाची नोंद ठेवता येते, यंत्राला तेल घालता येते. तसेच माणसांचे एक मस्टर ठेवले की काम भागले, अशी समजूत होते.

माझीही तशीच समजूत होती. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मोडली. कशी मोडली ते आधी सांगतो. नंतर कामाच्या ठिकाणी माणसे कशी सांभाळावीत याविषयी अभ्यासकांनी काय शोधून काढले, आणि बेळगावातून बाहेर पडावे लागलेल्या एका उद्योजकाने ते शास्त्र पुस्तकात येण्यापूर्वीच कसे आचरणात आणले, हे थोडक्यात पाहू.

अकरा मिनिटे

उद्यमबागेतील एका फौंड्रीच्या ऑफिसात मी दोन महिने काम केले. बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्रातील नोंदी उतरवून मस्टर पुरे करायचे आणि महिनाअखेर पगारपत्रक तयार करायचे, एवढेच माझे काम. दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर अर्धा दिवस कापायचा, असा तिथला नियम होता. एका मंगळवारी साच्यांच्या खात्यातील एका जुन्या कामगाराच्या नावापुढे ८ वाजून ११ मिनिटे अशी नोंद आली. त्यांना सगळेजण मामा म्हणत. मीही म्हणत असे. मी नियमाप्रमाणे अर्धा दिवस लावला आणि पुढच्या नावाकडे वळलो.

पगाराच्या दिवशी मामांनी चिठ्ठी पाहिली, घडी घालून खिशात ठेवली आणि काही न बोलता निघून गेले.

पुढच्या आठवड्यात एके दिवशी दुपारी वीज गेली आणि त्या दिवशीची शेवटची हीट उशिरा तयार झाली. अशा वेळी मामा आणि त्यांचे चार साथीदार थांबून ओतकाम पुरे करून जात, असा अनुभव होता. त्या दिवशी मात्र घंटा होताच पाचहीजणांनी हात धुतले आणि ते घरी गेले. भट्टीतले वितळलेले लोखंड पिगच्या साच्यांत ओतून टाकावे लागले. म्हणजे दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा वितळवायचे आणि पुन्हा तेवढीच वीज जाळायची. सुपरवायझर साहेब म्हणाले, "आजकाल कामगारांना कामाची आस्थाच राहिली नाही." मला ते पटले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मामाच माझ्याजवळ आले. म्हणाले, "बाळ, पैशाचं काय नाही. पण लिहायच्या आधी एकदा विचारायचं होतंस की."

मी ऑफिसात जाऊन पुन्हा नोंदी काढल्या. त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी मामांची बाहेर पडण्याची वेळ होती रात्री ८ वाजून ४० मिनिटे. पाळी साडेचारला सुटते. ते चार तास जास्त थांबले होते, गावाकडची शेवटची बस चुकली होती, घरी पोचायला अकरा वाजले होते. सुपरवायझरकडून जादा कामाची चिठ्ठी आली नव्हती म्हणून ते चार तास मी धरले नव्हते. नोंद माझ्या डोळ्यांसमोर होती. अकरा मिनिटे मला दिसली; चार तास दिसले नाहीत.

पुढे कायद्याचा पेपर वाचताना कळले की तो नियमच चुकीचा होता. जितका वेळ कामगार गैरहजर, तेवढ्याच प्रमाणात पगार कापता येतो, हे तत्त्व १९३६ च्या वेतनविषयक कायद्याने घालून दिले आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते कायम आहे. जादा कामाला दुप्पट दर हे १९४८ च्या कारखाने कायद्याने ठरवून दिलेले होते. म्हणजे मामांचे घेणे निघत होते आणि मी ते देणे म्हणून लिहिले होते. जमाखर्च शिकणाऱ्या विद्यार्थ्याला याहून लाजिरवाणी चूक कोणती?

टेलरचे घड्याळ

माणसांच्या कामाचा शास्त्रशुद्ध विचार प्रथम अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर या इंजिनियरने केला. त्याचे वैज्ञानिक व्यवस्थापनावरील पुस्तक १९११ साली निघाले. हातात घड्याळ घेऊन त्याने कामगाराची एकेक हालचाल मोजली. फावड्यात एका वेळी किती वजन घेतले म्हणजे दिवसभरात जास्तीत जास्त काम होते, हे त्याने प्रयोगाने काढले : २१ पौंड, म्हणजे सुमारे साडेनऊ किलो. बेथलेहेम स्टील कारखान्यात लोखंडाचे ठोकळे वाहून नेणारा मजूर दिवसाला साडेबारा टन माल हलवीत असे. टेलरने विश्रांतीच्या वेळा ठरवून देऊन ते काम ४७ टनांवर नेले. मजुरी मात्र १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट झाली. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीच्या थोडी वर! हा हिशेब वाचताना वाणिज्याच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबायला हवे.

टेलरला सरसकट खलनायक ठरवणेही योग्य नाही. कामाला योग्य अवजार द्यावे, माणसाला नीट शिकवावे, विश्रांती ही चैन नसून कामाचाच भाग आहे, हे त्याने दाखवून दिले. पण विचार करायचा साहेबांनी आणि हात चालवायचे कामगारांनी, अशी त्याने सरळ फाळणी केली. उद्यमबागेतले ते ठसा घेणारे यंत्र म्हणजे टेलरच्या घड्याळाचा नातूच. वेळ अचूक सांगते. कारण सांगत नाही.

हॉथॉर्नचे दिवे

टेलरच्या विचारातील उणीव एका फसलेल्या प्रयोगातून उघड झाली. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा प्रचंड कारखाना होता. तिथे टेलिफोनची सामग्री बनत असे. उजेड वाढवला तर उत्पादन किती वाढते, हे पाहण्यासाठी १९२४ साली तिथे प्रयोग सुरू झाले. उजेड वाढवला, उत्पादन वाढले. शेजारच्या खोलीत उजेड तसाच ठेवला होता, तिथेही वाढले. उजेड कमी करून पाहिला, तरीही ते फारसे घटेना. तज्ज्ञ गोंधळून गेले.

मग १९२७ मध्ये टेलिफोनचे रिले जुळवणाऱ्या काही मुलींना एका वेगळ्या खोलीत बसवून दुसरा प्रयोग सुरू झाला. कधी विश्रांतीच्या दोन सुट्ट्या दिल्या, कधी मधल्या वेळचे खाणे दिले, कधी कामाचे तास कमी केले. उत्पादन चढत गेले. शेवटी दिलेल्या सगळ्या सवलती काढून घेतल्या आणि कामाची वेळ पूर्वीसारखी केली. तरी एकूण उत्पादन पूर्वीच्या पातळीवर आले नाही. हार्वर्डचे एल्टन मेयो या प्रयोगांत १९२८ पासून सामील झाले. त्यांनी लावलेला अर्थ असा : या मुलींना प्रत्येक बदलाआधी विचारले जात होते, त्यांचे म्हणणे ऐकून घेतले जात होते, डोक्यावर ओरडणारा मुकादम नव्हता आणि आपापसांत मैत्री जुळली होती. आपण कोणीतरी आहोत, ही भावना उजेडापेक्षा अधिक परिणामकारक ठरली.

इथे एक सावधगिरी हवी. आमच्या नोट्समध्ये हॉथॉर्नची गोष्ट इतकी गोड करून लिहिलेली असते की मालकाने हसून बोलावे आणि पगारवाढ विसरावी, असा कोणी अर्थ काढील. पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की त्या खोलीत मजुरी मोजण्याची पद्धतही बदलली होती. लहान गटाच्या कामावर मोबदला मिळत असल्याने प्रत्येकीच्या कष्टाचा तिला थेट फायदा होत होता. शिवाय फार बोलतात म्हणून दोन मुलींना १९२८ च्या सुरुवातीस त्या खोलीतून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या आणल्या होत्या. तेव्हा योग्य मोबदला आणि माणुसकीची वागणूक यांतले एकच निवडायचे असे नसून दोन्ही लागतात, एवढाच धडा या प्रयोगातून घ्यावा.

हॉथॉर्नचा तिसरा प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. १९३१-३२ मध्ये तारा जोडणाऱ्या १४ पुरुष कामगारांचे नुसते निरीक्षण केले गेले. त्यांनी आपसांत दिवसाच्या कामाचा एक अलिखित आकडा ठरवला होता. त्याच्या पलीकडे जाणाऱ्याच्या दंडावर साथीदार गुद्दा मारून त्याला जागेवर आणीत. हा आळस म्हणावा काय? तो मंदीचा काळ होता. जास्त काम केले तर दर कमी होतील आणि उरलेल्यांना घरी बसवतील, ही भीती त्यांच्या मनात होती. म्हणजे साहेब ज्याला कामचुकारपणा म्हणतात ते पुष्कळदा कामगारांनी स्वतःसाठी काढलेले विमापत्र असते. मामा आणि त्यांचे चार साथीदार एकदम का उठून गेले, हे मला इथे कळले. कापलेला अर्धा दिवस एकाचा होता; पण त्यातला अर्थ पाचहीजणांनी वाचला होता.

नाराजी आणि गोडी

फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली आणखी एक उपयुक्त भेद सांगितला. पिट्सबर्ग भागातील सुमारे २०० इंजिनियर आणि हिशेबनीस यांना त्याने विचारले : कामावर तुम्हांला विशेष आनंद केव्हा झाला आणि विशेष वाईट केव्हा वाटले? वाईट वाटल्याच्या आठवणींत कंपनीचे नियम, वरिष्ठांची वागणूक, पगार, कामाची जागा या गोष्टी अधिक येत. आनंदाच्या आठवणींत हातून पुरे झालेले काम, मिळालेली दाद, अंगावर टाकलेली जबाबदारी आणि बढती या गोष्टी येत.

यावरून त्याने काढलेला निष्कर्ष असा, की नाराजी दूर करणे आणि गोडी उत्पन्न करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पिण्याचे पाणी स्वच्छ असेल तर आजार टळतो, पण त्याने अंगात बळ येत नाही. बळासाठी अन्न लागते. वेळेवर पगार, न्याय्य नियम, सुरक्षित जागा हे पाणी. विश्वास, दाद आणि जबाबदारी हे अन्न. आपल्याकडे अनेक ठिकाणी पाणी गढूळ ठेवून वर्षातून एकदा सत्काराचा नारळ दिला जातो आणि मग माणसे टिकत नाहीत म्हणून तक्रार होते.

बेळगावातून उठलेला कारखाना

ही सारी नावे परदेशी आहेत म्हणून हे शास्त्रही परदेशी आहे, असे मात्र समजू नये. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा, आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. मुंबईतील तंत्रशिक्षणाच्या संस्थेत ते शिकवीत असत. हक्काची बढती दुसऱ्याला दिली गेली म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली. अन्यायाने माणूस कसा तुटतो, हे ज्याने स्वतः सोसले होते असा हा मालक! वडीलबंधू रामुअण्णांसह त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालवले, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवले. लोखंडाने जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे नांगर खपता खपेना. त्यातच नगरपालिकेला जागा हवी झाली आणि कारखाना हलवण्याची पाळी आली. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान आणि कर्ज दिले. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

त्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणरावांनी कोणती माणसे गोळा केली, ते पाहण्यासारखे आहे. अनंतराव फळणीकर हे शाळेत न रमलेले. ते कल्पक इंजिनियर झाले. शिक्षण अर्धे सोडून भटकणारे के. के. कुलकर्णी व्यवस्थापक झाले आणि पडेल ते काम करू लागले. मंगेशराव रेगे यांनी हिशेब सांभाळले. रामुअण्णांनी वसाहत आखली आणि तिचा कारभार पाहिला. भोवतालचे जग ज्यांना दरोडेखोर म्हणे, त्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्यावर वसाहतीची राखण सोपवली गेली, आणि त्यांनी ती विश्वासाने केली. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास बंदी होती. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढले; कारखान्याची खबरबात देण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे मराठीतील एक नामांकित मासिक झाले.

माणूस मुळात आळशी असतो असे धरून चालणारा व्यवस्थापक आणि माणसाला जबाबदारी आवडते असे धरून चालणारा व्यवस्थापक, असे दोन प्रकार डग्लस मॅक्ग्रेगर यांनी १९६० साली पुस्तकात मांडले. लक्ष्मणरावांनी राखणीला कोण नेमले हे पाहिले, तर ते यांतल्या कोणत्या बाजूचे, हे वेगळे सांगायला नको. अर्थात प्रत्येक मालक लक्ष्मणराव नसतो, आणि एका माणसाच्या चांगुलपणावर हजारोंचा संसार टांगून ठेवता येत नाही. म्हणूनच कायदा लागतो, संघटना लागते आणि तक्रार ऐकणारी जागा लागते.

भट्टीजवळची पाटी

एक मुद्दा आपल्या गावापुरता. त्या फौंड्रीत जवळच्या खेड्यांतले मराठी बोलणारे कामगार होते, बैलहोंगलकडचे कन्नड बोलणारे होते आणि उत्तरेकडून आलेले हिंदी बोलणारे तरुणही होते. धोक्याच्या सूचना मात्र इंग्रजीत! माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि गल्लीत खेळता खेळता कन्नड आले. मालकांना विचारून मी त्या सूचना मराठी, कन्नड आणि हिंदी अशा तीन भाषांत लिहिल्या. कन्नड शब्द कामगारांनीच तपासून दिले. माझा पुस्तकी शब्द खोडून त्यांच्या तोंडातला घातला. नंतर दोन दिवस माणसे पाटीपुढे उभी राहून ती वाचीत होती. पाट्यांचा वाद आपल्या शहराला नवा नाही. पण भट्टीजवळच्या पाटीचा हेतू हात वाचवणे हा असतो आणि हाताला भाषा नसते.

कन्नडमध्ये एक म्हण आहे : ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल. जेवायचे कसे ते ज्याला कळते त्याला रोग नाही, बोलायचे कसे ते ज्याला कळते त्याला भांडण नाही. व्यवस्थापनाच्या पुस्तकातील संपर्काचे प्रकरण या अर्ध्या ओळीत येऊन जाते.

तात्पर्य

एवढ्या विवेचनातून मला हाती लागलेल्या गोष्टी चार :

१. लिहिण्याआधी विचारावे. नोंद ही चौकशीची सुरुवात असते, निकाल नव्हे.

२. नियम करताना तो कायद्यात बसतो काय, हे आधी पाहावे. बेकायदा नियम काटेकोरपणे पाळणे ही शिस्त नव्हे.

३. चूक एकट्याला बोलावून सांगावी, दाद चारचौघांत द्यावी. आता सूचना मोबाइलवरील गटातून जातात. तिथे दिलेला शेरा सर्वांसमोर दिलेलाच असतो, हे विसरू नये.

४. माणसे एकेकटी काम करीत नाहीत, गटाने करतात. एकाशी केलेला न्याय किंवा अन्याय सर्वांपर्यंत पोचतो.

मामांची गोष्ट अर्धी राहिली. मी दोन्ही नोंदी घेऊन मालकांकडे गेलो. मनातून भीती होती. पण त्यांनी शांतपणे पाहिले, चिठ्ठी न पाठवल्याबद्दल सुपरवायझरना विचारले आणि पुढच्या पगारात कापलेला अर्धा दिवस आणि जादा कामाचे चार तास दोन्ही जमा करायला सांगितले. अर्ध्या दिवसाचा नियमही त्यांनी काढून टाकला. पैसे परत गेले. मामा माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत. पण माझ्या तिथल्या उरलेल्या तीन आठवड्यांत घंटा झाल्यावर ते एकदाही थांबले नाहीत. दुरुस्तीची नोंद खतावणीत एका ओळीत करता येते. माणसाच्या मनात ती करायला किती दिवस लागतात, हे मला पाहायला मिळाले नाही.

आपण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी उद्या बँकेत, कारखान्यात, दुकानात, सोसायटीत जाणार आहोत. आपल्यापैकी पुष्कळांच्या हाती कुठले ना कुठले मस्टर येणार आहे. त्यात नाव लिहिताना त्या नावामागचा माणूस आदल्या रात्री किती वाजता घरी पोचला, एवढे एकदा विचारले, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.